माप

डॉक्टर शेरनाझ म्हणाल्या, सात गाठी आहेत.
दोन लिंबाएवढ्या, एक मोसंबीएवढी,
बाकीच्या, समजा, आवळे.
मी विचारलं, लिंबू कुठलं?
भायखळ्याला एका गोणीत लिंबाच्या तीन प्रती निघतात,
आणि मोसंबी आंबे बहाराची की मृग बहाराची?
त्या हसल्या. मी हसले नाही.
चौदा वर्षं मी लोकांचे काटे तपासते,
वजनाच्या बुडाशी शिसं ठोकून सरकारी शिक्का मारते,
पाच ग्रॅमला दंड करते.
आणि माझ्याच पोटात
इतका माल, बिनमापाचा.

महिन्यातले नऊ दिवस काळीच सलवार.
लालबागला मसालेवाल्याची नोटीस लिहून झाली
की उठण्याआधी खुर्ची बघायची.
हिमोग्लोबिन सात पॉइंट चार.
आत्या म्हणाली, पिशवीच काढून टाक ना,
जशी काही दारामागे खुंटीला टांगली आहे.
आपल्यात सगळ्यांनी काढल्या:
तिने, तिच्या जावेने, माहुलच्या दोन्ही वहिन्यांनी.
पोरं झाल्यावर,
हे ती जरा हळू म्हणाली
आणि बोंबील साफ करत राहिली.

मला मूल हवंच आहे का
हे मलाही नीट ठाऊक नाही.
हरेशला विचारलं तर म्हणतो, तू आधी बरी हो.
पण नाही म्हणायचंच झालं
तर ते मी म्हणेन,
गाठींनी का म्हणावं?

परळला, तिसऱ्या मजल्यावर, आदल्या रात्री
सिस्टर रोझलिननी कागद पुढे केला.
खाली बारीक अक्षरात:
रक्तस्राव न थांबल्यास गर्भाशय काढावे लागेल,
याची मला कल्पना आहे, माझी हरकत नाही.
मी बारीक अक्षर वाचणारी बाई.
पाकिटावर निव्वळ वजन किती मिलिमीटरचं छापावं
हे मला पाठ आहे.
'हरकत नाही'पाशी पाऊण तास बसले.
मग म्हटलं, सिस्टर, हरकत आहे.
पण सही करते.
त्या म्हणाल्या, सगळ्याच करतात.

पुढचं मला सांगितलेलं:
आधी रक्ताच्या वाटा आवळल्या,
औषध टोचून गर्भाशय पांढरं पडू दिलं,
एकाच छेदातून जमतील तेवढ्या सोलून काढल्या.
आणि शिवलं, तीन थरांत.
आत पोकळी राहता कामा नये, म्हणाल्या,
उद्या ताण तिथेच येणार.
उद्या. हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला.

हरेशला बाहेर ट्रे दाखवला.
होडीवर वाढलेला माणूस, तरी बाकावर बसला.
शुद्धीवर येताच मी म्हणे पहिलं विचारलं, किती भरलं?
सहाशे चाळीस ग्रॅम.
काटा तपासलेला होता का?

सहा काढल्या. एक ठेवली आहे.
नळीच्या तोंडाशी, आवळ्याहून लहान,
तिला हात लावला तर नळी जाईल.
असू दे, लक्ष ठेवू, म्हणाल्या.
आमच्या कायद्यात याला अनुज्ञेय तफावत म्हणतात:
खरं आणि दाखवलेलं यांत
जेवढं सोसायचं ठरलेलं असतं, तेवढं.
सहा महिने थांबा. मग बघू. झालंच तर सिझेरियन.
टक्केवारी विचारली.
त्यांनी एक आकडा सांगितला, मग म्हणाल्या,
हा दुसऱ्या बायकांचा आहे, तुमचा नाही.

लग्नात माप ओलांडून घरात आले
तेव्हा तांदूळ किती सांडले, कुणी मोजले नव्हते.
मीसुद्धा.

अकरा आठवड्यांनी पुन्हा ड्युटी.
मस्जिद बंदरला सुपारीवाल्याचा काटा,
रिकाम्या ताटलीवर आकडा
दोन ग्रॅमपाशी थरथरत होता.
पंख्याचा वारा आहे मॅडम, तो म्हणाला.
मी पंखा बंद करायला लावला
आणि फाइल पोटाशी धरून
उभी राहिले,
शून्य लागायची वाट बघत.